माग्दाने काय खाल्लं

बुधवार, २० नोव्हेंबर, दुपारी साडेबारा
कुतैसी, इस्पितळ, दुसरा मजला

लामारा,

आपल्या माग्दाच्या लहान आतड्यात अडथळा आहे. वरून काहीच खाली सरकत नाही. सर्जन बेझान यांनी आज अकरा वाजता स्कॅन बघून हे सांगितलं. मी समोर उभा होतो. तिला काल संध्याकाळी दाखल केलं. ती शुद्धीवर आहे, नाकातून नळी घातली आहे, आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी कळ आली की पलंगाची कड घट्ट धरते.

तुझी अट मला ठाऊक आहे. माझा आवाज तुला ऐकायचा नाही. काही सांगायचं झालं तर कागदावर, आणि आधी ताजी गोष्ट, ती कोणी सांगितली ते, मग बाकीचं. तुझी आई जाण्याआधी तीन दिवस मी तुला फोनवर ‘बरी आहे, आज सूप प्यायली’ असं सांगत होतो. चौथ्या दिवशी तिकडे परदेशात, बारीच्या बागेतल्या बाकावर एका परक्या बाईने तुझं सांत्वन केलं, तेव्हा तुला कळलं. त्यावर मी पुन्हा वाद घालत नाही.

हे पान दोदो नावाची नर्स तिच्या फोनवर फोटो काढून तिकडच्या तुझ्या मैत्रिणीला, एतेरीला, पाठवते आहे. एतेरी, तू आधी वाचशीलच. वाच, पण लामाराला दाखवताना तिला बसव.

आता तुला जे ठाऊक नाही ते. माग्दाने मे महिन्यात तिबिलिसीत वजन कमी करण्याचं ऑपरेशन करून घेतलं. पोटाची पिशवी कापून अक्रोडाएवढी ठेवली आणि आतडं वळवून तिला जोडलं. तुला तिने मैत्रिणीबरोबर समुद्रावर जाते असं सांगितलं होतं, मला पित्ताशयाचं. मला जुलैत कळलं, तीन चमचे खाऊन ती ताट सारायला लागली तेव्हा. तेव्हा वजन एकशे बेचाळीसवरून खाली येत होतं, आता शहाण्णव आहे. तुला व्हिडिओवर ती फक्त चेहरा दाखवायची, आणि तोही खिडकीकडे पाठ करून.

का केलं विचारशील. बालवाडीत तिच्याखाली खुर्ची मोडली. मुलांना गोष्ट सांगत होती. ती म्हणते, एक जरी पोर हसलं असतं तरी चाललं असतं. कुणी हसलं नाही. एका मुलीने तिला उठवायला हात पुढे केला.

तुला कळवायचं नाही, असं तिने मला शपथ घालून सांगितलं होतं. ‘आई सगळं टाकून येईल, आणि एकदा तिथून बाहेर पडली की कागदपत्रं नाहीत म्हणून तिला परत आत घेणार नाहीत.’ शपथ मी आज मोडली.

खाण्याचं म्हणशील तर सूप आणि दही. दुसरं काही नाही.

ओतिया


बुधवार, २० नोव्हेंबर, संध्याकाळी साडेपाच

लामारा,

नळीतून आतापर्यंत लिटरभर हिरवं पाणी निघालं. दोदोने मोजून तक्त्यावर लिहिलं, मी तक्ता बघितला. पोटाचा फुगवटा उतरलेला नाही. बेझान चार वाजता येऊन गेले. ते म्हणाले, अशा ऑपरेशननंतर आत आतडी एकमेकांना चिकटतात, पुष्कळदा आपोआप सुटतात, उद्या सकाळपर्यंत वाट पाहू. सुटलं नाही तर पोट उघडावं लागेल.

तुझं उत्तर आलं. एतेरीने तू सांगितलंस तसंच लिहून पाठवलं: ‘तिला तू काय खाऊ घातलंस?’

कशी आहे, कधीपासून दुखतंय, काही नाही. दोदोने फोन माझ्यापुढे धरला होता, त्यामुळे तिनेही वाचलं. म्हणाली, ‘बाई ओळखून आहेत तुम्हाला.’ मला राग आला. खाली जाऊन अंगणात दोन फेऱ्या मारल्या. तिथे एक गाववाला भेटला, त्याची बायको तिसऱ्या मजल्यावर आहे. त्याने विचारलं, पोरगी कशी आहे. मी म्हटलं, बरी आहे, उद्या-परवा सोडतील. तोंडातून आपोआप निघालं. गावात पंगत बसली की प्याला हातात देऊन बोलायला मलाच उभं करतात. लग्न असो की मयत, माझ्याकडे वाक्य तयार असतं. हे तुला सांगायला नको.

तुझाच प्रश्न बेझान यांनीही विचारला. आठवडाभरात चिवट, तंतुमय काही खाल्लं का, संत्र्याच्या फोडी, अळंबी, कच्चं फळ? माग्दाने माझ्याकडे बघितलं. मग त्यांना म्हणाली, सूप. दही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

एवढंच आत्ता लिहू शकतो. ती झोपलेली नाही, डोळे मिटून आहे. मघाशी पाणी मागत होती. पाणी द्यायचं नाही असं सांगितलंय, म्हणून दोदो ओला कापूस ओठांवरून फिरवते. माग्दा तिला म्हणाली, ‘तीन वर्षांची असताना मी असं बाहुलीला पाजायचे.’ दोदो म्हणाली, ‘बाहुली निदान तक्रार करत नव्हती.’ दोघी हसल्या, आणि हसताना माग्दाला कळ आली.

ओतिया


गुरुवार, २१ नोव्हेंबर, सकाळी पावणेनऊ

लामारा,

तिला ताप आला आहे. साडेअडतीस सेल्सिअस. नाडी एकशे वीस. हे दोदोने सात वाजता मोजलं. पोटाला हात लावू देत नाही. बेझान अजून फेरीला आलेले नाहीत. दोदोची चोवीस तासांची पाळी आठला संपली, पण ती या पानासाठी थांबली आहे. कोट घालून बाकावर बसली आहे आणि सारखी घड्याळ बघते, म्हणून भराभर लिहितो.

खुरमे. मी तिला खुरमे खाऊ घातले, आपल्या झाडाची ती नारिंगी, तुरट फळं.

ऑक्टोबरपासून तिचं पोट बिघडलेलं होतं. चार घास खाल्ले की पळावं लागायचं. बालवाडीत दिवसातून सहा-सहा वेळा. लाजेने ती जेवायचीच टाळायला लागली. अशा वेळी आपल्याकडे काय करतात, तूच सांग. तुझ्या आईने काय केलं असतं? बाल्कनीत यंदाचे खुरमे सोलून दोऱ्यांना टांगलेले होते. आठवडाभर वाळलेला खुरमा, बाहेरून सुरकुतलेला, आतून अजून कच्चा, जीभ आवळून धरणारा. तो पोट बांधतो. रोज सकाळी अनशापोटी दोन, संध्याकाळी दोन.

तीन दिवसांत थांबलं. माग्दा म्हणाली, बाबा, तुझं औषध लागू पडलं. मी ते आख्ख्या गल्लीला सांगितलं. आणि मग मी थांबलोच नाही. सतरा दिवस दिले. दोऱ्यावरचे वाळत चालले की झाडावरचे नवे कच्चे सोलून टांगायचो, कारण पूर्ण वाळलेल्यात ती ताकद राहत नाही.

तिबिलिसीहून दिलेली यादी फ्रिजवर चिकटवलेली होती. सालासकट फळं खायची नाहीत असं त्यात होतं. मी तिला म्हटलं, हे तर सोललेले आहेत. वाद घालण्यात ती माझ्यापुढे टिकत नाही.

आणि हेही लिहितो. गेल्या आठवड्यात ती म्हणाली होती, ‘बाबा, पोटात दगड ठेवल्यासारखं वाटतंय.’ मी म्हटलं, ‘दगड म्हणजे घट्ट, आणि घट्ट म्हणजे चांगलं.’ पंगतीत करतो तशी भुवई उडवली. ती हसली आणि उरलेला तुकडा खाल्ला.

काल बेझान यांच्यासमोर तिने माझ्याकडे का बघितलं ते आता तुला कळलं असेल. ते गेल्यावर तिने माझं मनगट धरलं. ‘गप्प राहा. सगळ्यांसमोर ते तुला बोलतील.’ एवढ्या कळांत तिला माझी अब्रू आठवली. आणि मी गप्प राहिलो, लामारा. रात्र अशीच जाऊ दिली.

ओतिया


गुरुवार, २१ नोव्हेंबर, दुपारी बारा

लामारा,

माग्दाला पावणेअकराला ऑपरेशनसाठी आत नेलं. बेझान स्वतः करत आहेत. अजून बाहेर कुणी आलेलं नाही.

तुझं उत्तर दोदो जिना उतरायच्या आतच आलं. ती परत वर आली, कोटाची बटणं लावलेलीच. ‘डॉक्टरला सांगितलंस?’ आणि मी वाचतोय तोवर खाली दुसरं आलं: ‘मला काय सांगतोस? त्याला सांग.’

मी गेलो. बेझान त्यांच्या खोलीत उभ्याउभ्याच पाव आणि चीज खात होते. मी दारातच सगळं बोललो. वाक्यं नीट जुळली नाहीत.

त्यांनी विचारलं, ‘कच्चे?’

‘अर्धे वाळलेले.’

‘रोज किती?’

‘चार.’

‘किती दिवस?’

‘सतरा.’

त्यांनी पाव कागदावर ठेवला आणि पडद्यावर कालचा स्कॅन काढला. पेनाच्या टोकाने एक जागा दाखवली. बुरशी लागल्यासारखा, आत हवेचे ठिपके असलेला एक डाग होता. ते म्हणाले, कालपासून मी याला साचलेलं अन्न समजतोय. हा त्या फळाचा गोळा आहे. कच्च्या खुरम्यातला चीक पोटात गेला की गोंदासारखा आळतो आणि दगड होतो. हिच्याकडे तो दळायला पुरेशी पोटाची पिशवीच नाही. पोटात असता तर नळीतून कोला सोडून विरघळवून बघितला असता. आता तो खाली उतरून आतड्यात अडकला आहे, आणि हा आपोआप सुटणारा प्रकार नाही.

मग म्हणाले, ‘काल मी तुम्हाला विचारलं होतं.’

‘हो.’

‘दोघांनाही.’

‘हो.’

ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. फोन उचलून ऑपरेशनची तयारी करायला सांगितली. हात धुवायला निघताना एवढंच म्हणाले की नोव्हेंबरमध्ये दर वर्षी एक तरी असा येतो. आपल्याकडे प्रत्येक घरात एक आजी डॉक्टर असते.

तिला ढकलगाडीवर घेऊन जाताना मी बरोबर चालत होतो. लिफ्टपाशी तिने विचारलं, ‘सांगितलंस?’

मी म्हटलं, ‘हो.’

‘आईलापण?’

‘तिनेच मला तिकडे धाडलं.’

नाकात नळी असल्यामुळे तिचा आवाज घोगरा झालाय. म्हणाली, ‘मग ती येणार.’ मी म्हटलं, नाही येणार, मी समजावीन. ‘तू समजावू नकोस,’ म्हणाली. ‘तुझ्या समजावण्यानेच इथे पोचलोय आपण.’ आणि हात बाहेर काढून माझ्या गालावर ठेवला. हात गरम होता.

लिफ्टचं दार बंद झालं. दोदो घरी गेली नाही. तिने कोट काढून परत खुंटीला लावलाय. मी तिला म्हटलं, बाई, तुम्ही जा, दमला असाल. ती म्हणाली, ‘तुम्ही लिहा हो. मला काय करायचं ते सांगू नका.’

ओतिया


गुरुवार, २१ नोव्हेंबर, संध्याकाळी पाच

लामारा,

ती जिवंत आहे. ऑपरेशन अर्धं झालं आहे. दोन वाजता बेझान बाहेर आले आणि त्यांनी मला खुर्चीवर बसायला लावून सांगितलं.

गोळा निघाला. स्टीलच्या भांड्यात ठेवून मला दाखवला. कोंबडीच्या अंड्याएवढा, काळपट तपकिरी, बुटाच्या जुन्या चामड्यासारखा. भांडं हलवलं की खडखडत होता. तो अडकला होता त्या जागेवरचं आतडं मेलं होतं. चाळीस सेंटिमीटर कापून टाकलं. त्यापुढचं बरंच लांबवर निळं पडलं आहे. ते जगेल की मरेल हे आज सांगता येत नाही, म्हणून टोकं जोडलेली नाहीत, पोट शिवलेलं नाही, वर झाकण घालून ठेवलंय. तिला झोपेचं औषध देऊन श्वासाच्या यंत्रावर ठेवलं आहे. शनिवारी सकाळी दहाला पुन्हा उघडून बघणार. निळं आतडं गुलाबी झालं असेल तर जोडतील. नसेल तर तेही कापतील.

मी विचारलं, मग उरेल किती?

ते म्हणाले, ‘ते शनिवारी मोजू.’

मी उठलो नाही. ते म्हणाले, ‘जगेल का, हे विचारायचंय तुम्हाला. आज माझ्याकडे त्याचं उत्तर नाही.’

मग मी ते विचारलं जे विचारायला नको होतं. काल दुपारी मी तोंड उघडलं असतं तर? त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. म्हणाले, कदाचित कमी कापावं लागलं असतं. कदाचित नाही. दोन्ही कदाचित मी तुला लिहिले आहेत, एकही गाळलेला नाही.

मी तिला काचेतून बघितलं. तोंडात नळी, हात बांधलेले, झोपेत नळी ओढू नये म्हणून. चेहरा लहान दिसतो. इतकं वजन उतरलंय हे मला आज पहिल्यांदा दिसलं. घरी मी तिच्या ताटाकडेच बघत असायचो.

बाल्कनीतले सगळे दोरे कापून टाकायला मी शेजारच्या व्हेनेराला फोन केला. तिने विचारलं, अरे, एवढे चांगले वाळताहेत, का रे? मी म्हटलं, काप आणि डुकरांनाही घालू नकोस.

ओतिया


शुक्रवार, २२ नोव्हेंबर, दुपारी दीड

लामारा,

ताप अडतीसवर उतरला. लघवी होते आहे, म्हणजे मूत्रपिंडं चालू आहेत. रक्तदाब टिकवायला औषध अजून द्यावं लागतंय, सकाळपेक्षा थोडं कमी. हे सगळं अतिदक्षता विभागातल्या डॉक्टर बाईंनी एक वाजता सांगितलं. बरं होतंय असं त्या म्हणाल्या नाहीत. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा म्हणाल्या नाहीत.

तुझा प्रश्न काल संध्याकाळी आला: ‘येऊ का? खरं सांग.’

सकाळपर्यंत उत्तर दिलं नाही म्हणून एतेरीने दोदोला फोन करून शिव्या घातल्या. दोदोने त्या मला जशाच्या तशा ऐकवल्या. त्यातली एक नवीन होती.

उत्तर का दिलं नाही ते लिहितो. ‘नको येऊस’ म्हणायला माझ्याकडे कारणांची रांग उभी होती, आणि सगळी खरी होती. तू निघालीस तर सीमेवर शिक्का मारून वर्षानुवर्षं परत घेणार नाहीत. तू जिला सांभाळतेस ती म्हातारी तुझ्याशिवाय कुणाच्या हातचं खात नाही. तू आलीस तरी शनिवारी आतडं निळं की गुलाबी हे तुझ्या येण्याने बदलणार नाही. अकरा वर्षं तू तिथे लोकांची आजारपणं काढलीस, ती सगळी मेहनत इथे येऊन वाया जाईल. हे मी इतकं छान लिहिलं असतं की वाचून तुलाही पटलं असतं. दोन ओळी लिहिल्याही होत्या, तो कागद फाडला.

खरं कारण त्या रांगेत नव्हतं. तू आलीस तर काचेतून तिला बघशील, आणि मग मागे वळून मला बघशील.

ये.

मी ‘ये’ म्हणतोय ते तिचं काही बरंवाईट होणार असं कुणी सांगितलं म्हणून नाही. होणार नाही असंही कुणी सांगितलेलं नाही. तुझ्या आईच्या वेळीही असंच होतं. मला काही ठाऊक नव्हतं, आणि ‘ठाऊक नाही’ हे दोन शब्द मला बोलता आले नाहीत. आज लिहितो, मला ठाऊक नाही. ये.

एतेरी म्हणते, आज संध्याकाळच्या विमानात जागा आहे आणि पहाटे तू इथे उतरशील. विमानतळावरून सरळ इस्पितळातच ये, गावाकडे जाऊ नकोस, तिथे बायका जमून बसल्या आहेत आणि प्रत्येकीला सगळं ठाऊक आहे. मागच्या फाटकाने आत शिर, पुढचं आठपर्यंत बंद असतं. दुसरा मजला. दोदो उद्या लवकर, सातलाच कामावर येणार आहे, बुटकी आहे, केस लाल रंगवलेले आहेत, तुझ्याशी कडक बोलेल. मनावर घेऊ नकोस.

नऊ वाजता घरच्या एकाच माणसाला दहा मिनिटं आत सोडतात. दोदोच्या तक्त्यावर मी तुझं नाव लिहून घेतलंय. तिला ऐकू जातं की नाही हे कुणी छातीवर हात ठेवून सांगत नाही, पण इथल्या सगळ्या नर्सेस तिच्याशी बोलत-बोलतच काम करतात, तेव्हा तूही बोल. मी जिन्याजवळ असेन. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, मीही सुरुवात करणार नाही.

दहा वाजता तिला आत नेतील. बेझान म्हणाले, उघडल्यावर रंग लगेच कळतो, जोडायला किंवा कापायला मात्र वेळ लागतो. म्हणून साडेदहाच्या सुमाराला ते आधी एकाला बाहेर पाठवतील, आणि तो आपल्याला फक्त रंग सांगेल.

ओतिया